चामड्याच्या खुर्चीवरचा हिरवा रंग

खुर्ची तीच होती. हे मी आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढे जो गोंधळ येणार आहे त्यात निदान एवढं तरी पक्कं राहील. ती बदलली नव्हती, विकली नव्हती, कुठे लपवली नव्हती. काशीतल्या आमच्या दुर्गाघाटाच्या घरात माडीवर जी आणून ठेवली तीच, पुढच्या पायांना पितळी चाकं असलेली, शेवटपर्यंत तिथे होती. याला किती वर्षं झाली ते विचारू नका. इंग्रजांचं राज्य होतं आणि माझे गुडघे शाबूत होते, एवढं सांगतो.

मी शिकलेला नाही. माझा थोरला भाऊ, दादा, वेद शिकला, आणि गावोगावचे यजमान त्याच्या पाया पडायचे. मलाही पाठशाळेत बसवलं होतं. पण स्वर चढला की हात कुठे न्यायचा आणि उतरला की कुठे, यात माझं आणि गुरुजींचं जमलं नाही आणि मी उठून आलो. दादा म्हणायचा, हाकललं. मी उठून आलो. त्यानंतर घरातलं हाताचं काम सगळं माझ्याकडे. गच्ची गळाली तर मी, विहिरीचा रहाट अडला तर मी, दिवाळीआधी भिंतींना सफेदी द्यायची तर मी. माडीवरचे दोन कमरे दक्षिणेतून येणाऱ्या यात्रेकरूंना द्यायचो, त्यांची व्यवस्थाही मीच बघायचो. घरात आम्ही दोघे भाऊ आणि वहिनी. माझी बायको त्या दिवसांत ग्वाल्हेरला माहेरी गेलेली होती, म्हणून या प्रकरणातून ती सुटली.

रावसाहेब आले ते मार्गशीर्षात. रावसाहेब ही त्यांची सरकारनं दिलेली पदवी. मध्यप्रांतात कालव्याच्या खात्यात नोकरी झालेली, बायको गेलेली, आता उरलेले दिवस काशीत काढायचे आणि इथेच डोळे मिटायचे असं ठरवून आलेले. राजघाटाहून नावेत बसून आले. नावेत बसून म्हणजे नावेत ठेवलेल्या खुर्चीत बसून. घाटावरचे सगळे बघत राहिले. मोठी थोरली चामड्याची खुर्ची, काळपट तांबूस रंगाची, हात रुंद, पाठ उंच, आणि तीत शाल पांघरून हा म्हातारा, जसा कुणी संस्थानिक. दोन मल्लाहांनी ती पायऱ्या चढवून वर आणली तेव्हा एक जण म्हणाला, "बाबूजी, आप उतर भी सकते हैं." तेव्हा ते उतरले.

ती खुर्ची म्हणजे त्यांची हौस नव्हती. त्यांना दमा होता. आडवं झालं की छाती भरून यायची, मग बसूनच झोपायचं, आणि बसून झोप लागायची ती फक्त त्याच खुर्चीत. कितीतरी वर्षं ते पलंगावर झोपले नव्हते. पाठीच्या वरच्या भागावर, जिथे डोकं टेकायचं, तिथे त्यांच्या डोक्याच्या तेलानं एक काळा चकचकीत गोल झाला होता.

दादाकडे ते आले होते क्षेत्रसंन्यासाचा संकल्प सोडायला. एकदा तो संकल्प सोडला की काशीची हद्द मरेपर्यंत ओलांडायची नाही. म्हणून त्याआधी प्रयाग आणि गया उरकून यायचं ठरलं. जाताना मला म्हणाले, "धाकटे," मला ते धाकटे म्हणायचे, "त्या दाराखिडक्यांचा जुना रंग गळतोय. त्याची धूळ माझ्या छातीत जाते. मी येईपर्यंत नवा लावून घ्या. आणि खुर्चीला जपा. परत आलो की एक रात्र या खोलीत झोपून बघतो. झोप लागली तर सकाळी संकल्प. नाही लागली तर मी सरळ परत जाणार. हद्दीच्या आत न झोपता मरायचं मला जमणार नाही."

मी म्हणालो, "खुर्ची माझ्या हवाली."

आता रंगाचं. चुन्याची सफेदी मी डोळे मिटून देतो, पण तेलाचा रंग कधी लावला नव्हता. चौकातल्या रंगवाल्याकडून हिरव्या रंगाचा डबा आणला. त्यानं बरोबर एक ब्रश पुढे केला. मी विचारलं, ये बाल किसके हैं? तो म्हणाला, "सूअर के, गुरू, एक नंबर." तो ब्रश मी घरात नेणार कसा? वरच्या कमऱ्याच्या खालीच आमचं देवघर. मी म्हणालो, राहू दे, सफेदीची माझी मुंज गवताची कुंची आहे. तो म्हणाला, "कूची से तेल का रंग छिटकेगा." मी म्हणालो, शिंतोडे उडायचे की नाही ते हात कुणाचा आहे त्यावर.

आजही माझं म्हणणं तेच आहे. कुंचीनं रंग चांगला बसतो. फक्त झटकायची नाही.

रंग लावायच्या सकाळी कमऱ्यातलं सामान झाकायचं होतं. रावसाहेबांच्या ट्रंकेवर वहिनीनं जुनी सतरंजी टाकली, पलंगावर चादर टाकली. मग खुर्चीपाशी येऊन थांबली.

"भावजी, हिच्यावर काय टाकू?"

"टाका काहीतरी."

"काहीतरी म्हणजे काय? चामड्यावर टाकीन ते परत माझ्या घरात यायचं नाही."

"मग जुनं पोतं टाका."

"पोतं धान्याचं आहे."

"मग दादाचा फाटका पंचा घ्या."

"तो तुम्हीच मागा त्यांना. मी नाही मागणार, खुर्चीला पांघरायला पंचा द्या म्हणून."

एवढं बोलून ती खाली गेली. मी समजलो, आणेल काहीतरी शोधून. ती समजली, मी टाकेन काहीतरी. दादा पूजेत होता. खुर्ची बाहेर काढावी तर हात लावावा लागणार, आणि हात लावला की अंघोळ, पौषातली. मी बांबूच्या काठीनं ढकलून बघितली. चाकं फरशीच्या खाचेत अडकली आणि ती खिडकीखालच्या कोपऱ्यात आणखीनच घट्ट बसली. म्हटलं, कोपऱ्यात आहे, सुरक्षित आहे. आणि ज्या खिडकीखाली ती होती तीच खिडकी मी शेवटी रंगवली, तोवर तिन्हीसांजा होत आल्या होत्या आणि मला घरातलं सगळंच हिरवं दिसायला लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नदीकडून ऊन आत आलं तेव्हा दिसलं. खुर्चीच्या पाठीवर, उजव्या हातावर, बसायच्या जागेवर हिरवे ठिपके. काही वाटाण्याएवढे, काही मोहरीएवढे, आणि काही इतके बारीक की फुंकर मारली तर उडतील असं वाटावं. मी फुंकर मारली. उडाले नाहीत.

दादाला बोलावलं. तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला, सोवळ्यात होता.

"हे काय?"

"रंग."

"तो दिसतोय. झाकली का नाहीस?"

"वहिनी झाकणार होती."

खालून वहिनीचा आवाज आला, "मी नाही, भावजी झाकणार होते."

दादानं थोडा वेळ विचार केला. त्याला विचार करायला फार आवडायचं. "चामडं कशाचं आहे?" त्यानं विचारलं.

"म्हणजे?"

"म्हणजे मृगाजिन असेल तर ते पवित्र. मी त्यावरच बसून जप करतो. त्यावर वस्त्र टाकायला काहीच हरकत नव्हती. पण गाईम्हशीचं असेल तर गोष्ट वेगळी."

"मग कशाचं आहे?"

"ते मी कसं सांगू? तुझ्या हवाली आहे ना?"

मी खुर्चीकडे बघितलं. हरणाच्या कातड्यावर केस असतात, हिच्यावर एकही नव्हता. म्हशीचं चामडं जाड असतं म्हणतात, हे जाडही होतं आणि मऊही. खुर्ची काही बोलली नाही. दादा खाली निघून गेला आणि ठिपके जिथल्या तिथे राहिले.

मग मी कामाला लागलो. अंघोळ एकदाच करायची तर सगळं काम एका दमात झालं पाहिजे. वहिनीनं सांगून ठेवलं होतं, तो हात घेऊन जेवायला येऊ नका. म्हणून सकाळी खुर्चीला हात लावायचा तो दिवसभर लावायचा, उपाशी, आणि संध्याकाळी घाटावर बुडी मारून मगच जेवायला बसायचं. असे काही दिवस गेले. किती ते आठवत नाही, पण मी वाळलो होतो.

आधी रिठ्याचं पाणी करून बघितलं. वहिनीची पैठणी त्यानंच स्वच्छ निघायची. पैठणीचे डाग निघतात, खुर्चीचे निघाले नाहीत. चामडं ओलं होऊन काळं पडलं, आणि वाळलं तेव्हा कडक झालं. एक गोष्ट मात्र झाली, जे पांढरे ठिपके होते ते गेले. ते सफेदीच्या वेळचे चुन्याचे असावेत. पण सफेदी तर खुर्ची यायच्या आधी दिली होती. मग पांढरं ते काय होतं, मला आजतागायत कळलेलं नाही.

मग तिळाचं तेल कोमट करून एकेका ठिपक्यावर बोटानं ठेवलं. म्हटलं, रंग तेलाचा आहे, तेलाला तेलच ओळखेल. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, मीच काढलं. दुपारपर्यंत मोठे ठिपके मऊ झाले. बांबूची कामटी तासून, तिचं टोक बोथट करून, मी एकेका ठिपक्याच्या कडेला लावली आणि हळूच उचललं. सालासारखे निघून आले. खाली चामडं जसंच्या तसं. त्या दिवशी मला स्वतःचा फार अभिमान वाटला. दादाला मोठ्यानं हाक मारून सांगितलं की हे कुठल्या ग्रंथात आहे ते दाखव. तो जपात होता.

बारीक ठिपक्यांना मात्र तेल लागू पडलं नाही. ते चामड्याच्या छिद्रांतच जाऊन बसले होते. मी रंगवाल्याकडे गेलो. त्याला म्हणालो, रंग पडला आहे, काढायचा आहे.

"तारपीन," तो म्हणाला आणि बाटली पुढे केली. "फूंक मारो और साफ."

"फूंक मी मारून बघितली," मी म्हणालो.

त्या तेलाचा वास असा की नाकातून थेट टाळूत जातो. चिंधीवर घेऊन मी पाठीवर घासलं. हिरवं गेलं. एका फटक्यात. मी खूश होऊन जोरात घासत सुटलो, आणि चिंधी बघितली तर हिरवी नव्हती, तांबडी झाली होती. खुर्चीचा रंगच चिंधीवर आला होता. जिथे ठिपके होते तिथे आता फिकट, पिवळट चट्टे, जसं अंगावर कोड उठावं.

मी तडक चौकात गेलो. रंगवाला म्हणाला, "चमड़ा? आपने चमड़ा कब बोला?" मी म्हणालो, तू कधी विचारलंस? त्यावर तो म्हणाला, पंडितांच्या घरात चमडा असेल असं माझ्या डोक्यात कसं येईल.  

परत येऊन बघतो तर आणखी एक गोष्ट. घासताना मला कळलं नव्हतं कोणता डाग रंगाचा आणि कोणता खुर्चीचा. ठिपके मोजायला बसलो की दर वेळी वेगळेच भरायचे. खुर्चीच्या हाताच्या कडेला एक ओरखडा होता तो मी डाग समजून घासला, आणि एक हिरवा ठिपका होता तो मी चामड्याचाच समजून सोडला. त्या गडबडीत पाठीवरचा तो काळा चकचकीत गोल, रावसाहेबांच्या डोक्याचा, तोही गेला. तारपिनानं वर्षांचं तेल उतरवून टाकलं. तिथे आता सर्वांत फिकट चट्टा होता.

मी बराच वेळ त्या चट्ट्याकडे बघत बसलो. मग खालून पानाचा वास आला. वहिनी जेवणानंतर पान लावत होती, आणि मला तिची काताची वाटी आठवली. बनारसी कात, दुधात शिजवून गाळलेला. पानवाल्याची बोटं बघा, कातानं कशी तांबूस झालेली असतात, साबणानं जात नाहीत. बोट म्हणजे तरी काय, चामडंच.

"वहिनी, कात द्या."

"पान खाणार?"

"नाही. खुर्चीला."

तिनं माझ्याकडे बघितलं, मग वाटीकडे, आणि वाटी फरशीवर ठेवून माझ्या दिशेनं सरकवली. "घ्या. आणि ती वाटी आता तुमचीच."

कात पातळ करून, कापसाच्या बोळ्यानं थोडा थोडा लावत गेलो. पहिल्यांदा तो गुलाबी दिसला. वाळला तसा गडद झाला. पुन्हा लावला, पुन्हा वाळवला. शेवटी खोबरेल चोळलं. खुर्ची काळपट तांबूस दिसायला लागली, सगळीकडे सारखी. आधी ती इतकी सारखी नव्हती, एवढाच फरक. म्हणजे ती पूर्वीपेक्षा चांगली झाली होती. वास मात्र होता. तारपिनाचा, खोबरेलाचा आणि थोडा पानाचा.

रावसाहेब गयेहून परत आले ते अर्धे होऊन. प्रवासात झोप नव्हती. भिंतीला टेकून, लोडाला टेकून, धर्मशाळेच्या खांबाला टेकून बसले होते रात्र रात्र. ओठ निळसर पडले होते. माडीचे जिने चढताना प्रत्येक पायरीवर थांबत होते. मी मागून त्यांच्या पाठीला हात दिला होता आणि आतली घरघर माझ्या तळहाताला लागत होती. कमऱ्यात आले, हिरव्या खिडक्या बघितल्या, मान हलवली. मग खुर्चीकडे वळले. एकटक बघत राहिले.

"ही कुणाची?"

"तुमची."

"माझी नाही ही."

"तुमचीच आहे. साफ केली आहे जरा."

"धाकटे, मला दमा आहे, मोतीबिंदू नाही. माझी खुर्ची कुठे आहे?"

मी चाकं दाखवली. ते म्हणाले, अशी चाकं सगळ्यांना असतात. मी खुर्चीचा हात दाखवला, त्यावरचा ओरखडा दाखवायला गेलो, तर तो मीच घासून काढला होता. ते पाठीवरून बोटं फिरवत होते, तोच गोल शोधत असावेत. "माझ्या डोक्याची जागा कुठे आहे?" त्यांनी विचारलं. आवाज रागाचा नव्हता. घाबरलेला होता. जी एक जागा या जगात त्यांना झोप द्यायची ती मी हरवली होती, असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

मग मला तो सुटलेला ठिपका आठवला. हाताच्या खालच्या अंगाला, मोहरीएवढा, हिरवा. मी खाली बसून तो दाखवला. "हा बघा. या खिडकीचा रंग. हिच्यावर पडला होता म्हणून साफ केली. नवी असती तर हा इथे कशाला असता?"

रावसाहेबांनी वाकून ठिपका बघितला. खिडकी बघितली. "म्हणजे नवी आणलीत, आणि तिच्यावरही रंग सांडलात," ते म्हणाले.



उभं राहण्याची ताकद नव्हती म्हणून ते बसले. नाक आक्रसलं. "हा वास कसला?" मी म्हणालो, तारपिनाचा. त्यांनी डोळे मिटून घेतले. झोपलेले नव्हते, रुसलेले होते. मी खाली आलो. वहिनी म्हणाली, "आधी धुळीनं श्वास कोंडायचा, आता वासानं कोंडेल." दादा म्हणाला, "सकाळी संकल्पाची तयारी करू ना? की गाडीची?" मी म्हणालो, संकल्पाची. हे मी कशाच्या भरवशावर म्हणालो ते मला ठाऊक नाही. मी म्हणालो, एवढं खरं.

सकाळी दादानं दर्भ, तीळ, पळीपंचपात्र सगळं मांडलं. मी अंघोळ करून, सोवळं नेसून रावसाहेबांना उठवायला वर गेलो. दादा माझ्यामागे आला आणि नेहमीसारखा उंबऱ्याबाहेर थांबला. रावसाहेब खुर्चीत होते. मान एका बाजूला, तोंड उघडं, हात खाली लोंबत होता. घरघर नव्हती. माडीवर त्यांची घरघर नाही असं मी कधी ऐकलं नव्हतं. जिन्याच्या तळाशी उभं राहिलं तरी ती ऐकू यायची.

"रावसाहेब," मी म्हणालो.

काही नाही.

दादा हळू आवाजात म्हणाला, "गेले का?"

"मला कसं कळणार?"

"काशीत गेले म्हणजे उत्तमच झालं," दादा म्हणाला. मग थोडा थांबून, "पण संकल्पाच्या आधी गेले. हे कसं धरायचं ते बघावं लागेल."

मला त्याचं काही ऐकू येत नव्हतं. माझ्या डोक्यात ती बाटली फिरत होती. तारपीन मी आणलं, मी घासलं, बंद कमऱ्यात, दम्याच्या माणसाच्या नाकाखाली. मी पुढे झालो. हात लावावा तर खुर्ची चामड्याची, आणि मी सोवळ्यात, आणि माणूस जर गेलेला असेल तर त्याचं सुतक वेगळं, विटाळ वेगळा. कोणता आधी लागतो ते दादालाच विचारावं असं क्षणभर मनात आलं. विचारलं नाही. मी एक हात खुर्चीच्या हातावर टेकवला आणि दुसरा त्यांच्या छातीवर ठेवला.

छाती वर आली. सावकाश, खोल, एखादी मोठी नाव पाण्यानं उचलावी तशी. मग खाली गेली. मी हात तसाच ठेवला. पुन्हा वर आली. आत कुठेही काही अडत नव्हतं.

त्यांनी डोळे उघडले. माझ्या हाताकडे बघितलं. "उजाडलं?" त्यांनी विचारलं.

"कधीच."

ते जणू आपली छाती आपणच ऐकत होते. "मरायला आलो नि तुम्ही झोपवलंत," ते म्हणाले. "गुरुजी, तयारी आहे का तुमची?"

दादा बाहेरून म्हणाला, आहे.

मग खाली जाताना, माझ्या खांद्यावर हात ठेवून, ते म्हणाले, "ही नवी खुर्ची चांगली आहे, धाकटे. जुनीपेक्षा चांगली. पण जुनी कुठे ठेवलीत तेवढं सांगून ठेवा."

झोप कशानं लागली ते मला सांगता येणार नाही. पुढे आमच्या गल्लीतला वैद्य म्हणाला की तारपीन छातीला चोळतात, त्यानं कफ सुटतो. वहिनी म्हणायची, प्रवासानं दमलेला माणूस दगडावरही झोपतो. दादा म्हणायचा, क्षेत्राचा प्रभाव. मी म्हणतो, खुर्ची साफ झाली होती. पण रावसाहेब ते धरायला तयार नव्हते. संकल्प सोडला, कितीतरी वर्षं आमच्याकडे राहिले, रोज त्याच खुर्चीत झोपले, पाठीवर नवा काळा गोल पडला, तरी येईल त्याला सांगायचे, "यांनी मला ही नवी दिली, माणूस चांगला आहे. माझी जुनी मात्र कुठेतरी घालवली."

पण त्या सकाळचं राहिलं. संकल्पाला मी दादाच्या हाताशी लागणार होतो, पाणी द्यायला, तीळ द्यायला. दादानं मला अडवलं.

"तू चामड्याला हात लावलास. अंघोळ करून ये."

"मृगाजिन असेल तर?"

"तर नको करूस. कशाचं आहे ते विचारलंस का?"

आम्ही दोघांनी रावसाहेबांकडे बघितलं. ते ऊन पाण्यानं अंघोळ करून पाटावर बसले होते, पूर्वेकडे तोंड करून, ताजे दिसत होते.

"रावसाहेब," दादानं विचारलं, "खुर्ची कोणत्या चामड्याची?"

"माझी सांबराची होती," ते म्हणाले. "जबलपुरात करून घेतली होती. शुद्ध सांबर. आता या नवीचं मला काय ठाऊक? ते धाकट्यांना विचारा."

दादा माझ्याकडे वळला. मी म्हणालो, "खुर्ची तीच आहे."

"ते नाही म्हणतायत."

"तू पण तेच म्हणतोस?"

दादानं माझ्याकडे असं बघितलं की जन्मात पहिल्यांदा मला वाटलं, यालाही उत्तर माहीत नाही. त्यानं दर्भ उचलले, खाली ठेवले. "तीच असेल तर सांबर, म्हणजे मृगच, अंघोळ नको," तो सावकाश म्हणाला. "नवी असेल तर कशाची ते कळत नाही, म्हणजे अंघोळ हवी. तू म्हणतोस तीच. यजमान म्हणतात नवी. संकल्प यजमानाचा आहे."

"आणि हात माझा आहे," मी म्हणालो.

मी घाटावर गेलो. पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत आलो आणि उभा राहिलो. बुडी मारावी तर मीच कबूल केल्यासारखं होणार की खुर्ची दुसरी आहे. न मारावी तर दादा पाणी घेऊ देणार नाही आणि वर रावसाहेब ताटकळत बसलेले. मी गुडघ्यापर्यंत पाण्यात गेलो. सोवळ्याचा काठ भिजला. तिथे थोडा वेळ थांबलो. मग तसाच मागे फिरलो आणि वर गेलो.

दादानं माझा भिजलेला काठ बघितला. कोरडं डोकं बघितलं.  पळी माझ्या हातात दिली.